भाकरी बिघडते ती थापण्याच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे बार्शीकडचे, आता पुण्यात नोकरीला, तिशीतले. पोळ्या रोज स्वतः करतात. ज्वारीची भाकरी मात्र थापताना कडेने चिरते, परातीतून उचलताना तुटते आणि तव्यावर गेलीच तर फुगत नाही. पीठ दुकानातलं, पाकीटबंद. असं काही वेळा झाल्यावर आता परात खाली काढायचीच धास्ती वाटते. पुढच्या महिन्यात आई राहायला येणार आहेत, त्यांना आपल्या हातची भाकरी वाढायची इच्छा आहे. लाटून केली तर चालेल का, असंही त्यांनी शेवटी जरा संकोचून विचारलंय.

लाटून चालेल. हे आधीच सांगून टाकते. कशी लाटायची ते पुढे येईलच.

तुम्ही सगळा दोष हातांना देताय. मी पोळी-भाकरी केंद्र चालवते, शिकवतेही. भाकरी जमत नाही म्हणून कोणी आलं, की मी त्यांना घरचं वाटीभर पीठ घेऊन या म्हणते. हात नंतर बघते, आणि पुष्कळदा हात बघायची वेळच येत नाही. चिरणारी, तुटणारी, न फुगणारी भाकरी बहुतेक वेळा पिठात आणि पाण्यातच बिघडलेली असते. थापताना ते नुसतं दिसायला लागतं. केंद्रात नवीन बाई कामाला आली तरी पहिले काही दिवस तिला थापायला बसवत नाही, पीठच मळायला देते.

तुम्हाला पोळी येते, हीसुद्धा एक अडचण आहे. गव्हात ग्लूटेन असतं. कणीक भिजवली की त्याचे धागे तयार होतात, ते ताणले जातात, म्हणून पोळी लाटता येते आणि कणीक झाकून ठेवली की जास्त मऊ होते. ज्वारीत ग्लूटेन नाही. तिथे गोळा धरून ठेवण्याचं काम पिष्ट, म्हणजे स्टार्च, करतं. पाणी साधारण सत्तर अंशांच्या वर तापलेलं असेल तर पिष्टाचे कण ते शोषून फुगतात, चिकट होतात. या चिकटपणाला आपल्याकडे विरी म्हणतात. ताज्या दळणात थोडी विरी अंगचीच असते, कारण जात्यात किंवा गिरणीत भरडले गेलेले पिष्टाचे कण साध्या पाण्यानेही भिजतात. पीठ जुनं झालं की विरी जाते. मग तुम्ही कितीही मळा, गोळा वरून गुळगुळीत दिसतो आणि दाब पडला की फाटतो.

म्हणून पोळीच्या सवयी इथे उलट्या पडतात. सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही, तेल घालायचं नाही, ‘मुरू दे अर्धा तास’ म्हणायचं नाही. ज्वारीचं मळलेलं पीठ ठेवलं की वरून सुकतं, आतून सैल पडतं. एका भाकरीचं पीठ घ्यायचं, मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायची. ती भाजत असताना दुसरीचं मळायला घ्यायचं. ही घाई नवशिक्याला झेपत नाही, तेव्हा सुरुवातीला एक भाकरी पूर्ण होऊन टोपलीत पडेपर्यंत दुसऱ्या पिठाला हातच लावू नका. गॅस बंद केलात तरी चालेल, तवा पुन्हा तापवता येतो.

आता तुमच्या पाकिटाकडे वळू. एक चमचा पीठ तळहातावर घ्या, साध्या पाण्याचे थेंब टाकत बोटाने चांगलं रगडा, सुपारीएवढी गोळी करा आणि दोन बोटांत दाबून रुपयाएवढी चपटी करा. कड जवळपास सलग राहिली तर पीठ ताजं, कोमट पाण्यातही काम होईल. कडेला बारीक चिरा पडल्या तर उकळतं पाणी लागणार. चकती मधूनच फुटली किंवा तोंडात टाकलेलं कच्चं पीठ जिभेला कडवट, खवट लागलं, तर त्या पिठावर शिकायला बसू नका. त्यातलं कडवट नसेल ते थालीपिठाच्या भाजणीत, धिरड्यात घालून संपवा, खवट झालेलं टाकून द्या. नवा माणूस जुन्या पिठावर शिकतो आणि मग वर्षानुवर्षं ‘मला भाकरी येत नाही’ म्हणत राहतो. पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, ती बघायची सवय लावा. त्याहून चांगलं म्हणजे ज्वारी विकत घ्या, निवडा आणि किलोभरच गिरणीतून आणा. गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या: बारीक दळा, आणि ज्वारी-बाजरीच्या पाठोपाठ लावा, गव्हामागे नको. घरात कोणाला गव्हाचं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मात्र सार्वजनिक गिरणीचा नादच नको, तिथे गव्हाचं पीठ मिसळणारच. अशा घरी घरगुती गिरणी बरी. दळण गरम येतं, ते परातीत पसरून निववल्याशिवाय डब्यात भरू नका.

ज्वारी कुठली, हाही प्रश्न आहेच. दुकानात ‘मालदांडी’ म्हणून मागा. रब्बीची ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा-पिवळसर. मालदांडी ३५-१ म्हणून जो वाण प्रसिद्ध आहे तो सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडीने तयार झाला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या आईंना विचारा, बार्शीकडे अजून कोणी घरची ज्वारी देत असेल तर एक पोतं मागवायला हरकत नाही. खरिपातली हायब्रिड ज्वारी पावसात सापडली की दाणा काळवंडतो आणि तिची भाकरी थापायला त्रास देते. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला, उत्पादन वाढलं, पण ‘हायब्रिडची भाकरी चिरते’ ही आधीच्या पिढीतल्या बायकांची तक्रार उगाच नव्हती.

पाणी. एका मध्यम भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागतं आणि ८० मिलीलिटरच्या आसपास पाणी. वाटीच्या मापात बोलायचं तर वाटीला साधारण अर्धी वाटी. हा आकडा दगडावरची रेघ समजू नका, पीठ जितकं बारीक आणि कोरडं तितकं ते जास्त पाणी पितं. पीठ परातीत घ्या, मध्ये आळं करा, खळखळ उकळलेलं आधणाचं पाणी निम्म्याहून थोडं जास्त ओता आणि चमच्याने कालवा. हात लगेच घालू नका, भाजेल. दोनेक मिनिटं तसंच राहू द्या. हाताला सोसेल इतकं झालं की मनगटाजवळच्या तळहाताने पुढे रगडायचं, गोळा करायचा, पुन्हा रगडायचं. कोरडं वाटलं तर ओला हात लावायचा, पाणी ओतायचं नाही. चांगली तीन-चार मिनिटं. सुरुवातीला पीठ रवाळ लागतं, मग एकदम हाताखाली मऊ, सलग होतं. तो बदल बोटांना कळतो, सांगून कळत नाही. झालं की नाही हे ओळखायचं तर उंडा हातात घेऊन अंगठ्याने मध्ये दाबा. खड्ड्याच्या कडेला भेगा आल्या तर अजून ओला हात आणि अजून एक मिनिट मळणं. भेगा आलेल्या गोळ्याला थापायला घेणं म्हणजे तुटलेली भाकरी मागून घेणं.

सगळ्यात जास्त लोक इथे घाई करतात, म्हणून इतका वेळ घेतला. कडेने चिरते ही तुमची पहिली तक्रार इथेच मिटते.

थापायला घेताना परात कोरडी हवी. पातळ, एकसारखं पीठ पसरा. उंडा दोन्ही तळव्यांत गोल फिरवून आधी जाडसर पेढा करा आणि त्याच्या कडा बोटांनी गुळगुळीत करून घ्या, कारण पेढ्याच्या कडेला असलेली बारीक चीर भाकरीच्या कडेला बोटभर होते. मग परातीत ठेवून उजव्या हाताची बोटं जुळवून, पसरट हाताने कडेकडे थापत जायचं. भाकरी आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय, तिथेच थांबा, कड अलगद उचलून पीठ भुरभुरवा. ती चिकटलेली असतानाच थापत राहिलात तर उचलताना तुटणार हे ठरलेलं. डावा हात नुसता शोभेला नसतो, तो कडेला टेकून भाकरीला गोल ठेवतो आणि फुटू पाहणारी कड आत ढकलतो. बहुतेकांना थपथप आवाज काढायचा असतो, पण आवाज महत्त्वाचा नाही. हलक्या हाताने दाबत दाबत केलेली, मुक्या हाताची भाकरीही उत्तम होते. मधला भाग पातळ करायचा मोह टाळा. मध्ये पातळ आणि कडेला जाड झाली की मध्ये फाटते आणि कडेला कच्ची राहते.

आकार: पहिले काही दिवस पंजापेक्षा मोठी भाकरी करायचीच नाही. लहान मुलांसाठी आपल्याकडे चानकी करतात, तेवढी. निम्मं पीठ, निम्मा त्रास. ती उचलताना तुटत नाही, तव्यावर वाकडी पडत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर आईंची ताटाएवढी भाकरी आहे आणि पहिल्याच दिवशी तिच्याशी बरोबरी करायला जाताय. ती भाकरी रोज दहा-पंधरा करून आलेली आहे.

आता उचलणं, जिथे तुमचा जीव खरा वरखाली होतो. परात थोडी तिरकी करा म्हणजे भाकरी कडेकडे सरकेल. उजव्या हाताची बोटं पसरून भाकरी त्यावर घ्यायची, ती बोटांवर नाही, पंजावर तोलली पाहिजे. डाव्या हाताने आधार द्या. तव्यावर टाकताना पिठाची, म्हणजे परातीला टेकलेली बाजू वर येईल अशी उलटी टाकायची. भाकरीची पुढची कड आधी तव्याला टेकवायची आणि हात आपल्याकडे ओढून घेत ती सोडायची. वरून आदळली की घडी पडते आणि हवा अडकते. याचा सराव तवा थंड असतानाच करा. गॅस बंद, तवा गार, तीच भाकरी पुन्हा पुन्हा टाका-उचला, तुटली की गोळा करून ओला हात लावा आणि परत थापा. भाजण्याची भीती आणि तुटण्याची भीती एकाच वेळी अंगावर घेतली की हात आखडतो. एकेक वेगळी केली की दोन्ही लवकर जातात.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी असावा. नॉनस्टिक तव्यावर होते, पण रिकामा तवा इतका तापवणं त्याच्या लेपाला सोसत नाही आणि भाकरीला तर कडक तवाच लागतो. पाण्याचे थेंब टाका: ते तव्यावर नाचून लगेच उडून गेले तर टाका भाकरी. थेंब बसून सावकाश आटत असतील तर थांबा.

भाकरी पडली की लगेच वरच्या पिठाच्या बाजूला पाणी लावायचं. ओंजळीत घेऊन ओतायचं नाही. बोटं बुडवून, किंवा भीती वाटत असेल तर ओल्या फडक्याच्या बोळ्याने, कडेपर्यंत सगळीकडे हलकं पसरायचं. हे पाणी दोन कामं करतं. वरचं कोरडं पीठ भिजून त्याची पांढरी पुटं राहत नाहीत, आणि ते पीठ भाजताना त्याची अखंड साय धरते. ही साय आतली वाफ अडवते, म्हणून भाकरी फुगते. कुठे पाणी लागलंच नाही तर तिथून ती तडकते आणि वाफ निघून जाते.

उलटायची कधी? वरचं पाणी जवळपास आटलंय, चमक गेलीय, पण पृष्ठभाग अजून दमट आहे, तेव्हा. अगदी कोरडी होऊ दिली की जाळीसारख्या चिरा दिसायला लागतात. मग फुगायचं विसरा. उलटल्यावर पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट, डाग पडेपर्यंत भाजू द्या. इथे आच कमी करू नका. मंद आचेवर रेंगाळलेली भाकरी वातड होते, निवल्यावर तर चावताना जबडा दुखतो. दुसरी बाजू झाली की तवा उतरवून भाकरी चिमट्याने थेट आचेवर धरायची, पहिली, कमी भाजलेली बाजू खाली. चांगल्या मळलेल्या पिठाची, सारख्या जाडीची भाकरी इथे पदर सोडते. नाही फुगली तरी ती भाजलेली आहे, खायची आहे. अर्धी फुगली तर फुगलेल्या भागाच्या कडेला फडक्याने हलकं दाबा, वाफ पुढे सरकते.

चटक्याबद्दल खोटा धीर देणार नाही, चटके बसतात. बहुतेक तव्याचे नसतात, फुगलेली भाकरी फुटून येणाऱ्या वाफेचे असतात. म्हणून आचेवर असताना बोटांनी फिरवण्याची मर्दुमकी नको. लांब चिमटा, आखूड बाह्या, आणि नायलॉनचं काही अंगावर नको. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरायचा, त्यावर पीठ, टूथपेस्ट, हळद काहीही लावायचं नाही.

आता लाटण्याचं. वाटीभर पिठाला वाटीपेक्षा थोडंसं कमी पाणी उकळायचं, गॅस बंद करून त्यात पीठ टाकायचं, उलथण्याच्या दांड्याने ढवळायचं आणि झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ जिरवायची. गरम असतानाच ओल्या हाताने खूप मळायचं. कोकणात तांदळाच्या भाकरीला अशीच उकड काढतात, तिथे कोणी तिला कमी प्रतीची मानत नाही. या उकडीचा गोळा थोड्या पिठावर हलक्या हाताने लाटला जातो. कड वेडीवाकडी आली तर वरून डब्याचं झाकण दाबून गोल कापा, आम्ही मोठ्या ऑर्डरला एकसारखा आकार लागला की हेच करतो. चवीत थोडा फरक पडतो: पदर जरा जाड सुटतो, भाकरी किंचित चिवट लागते. पण ती मऊ राहते, डब्यात न्यायला तर थापलेलीपेक्षाही बरी. ज्यांची मनगटं दुखतात अशा कितीतरी वयस्कर बायका आता अशीच करतात.

गव्हाचं पीठ मिसळा असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. होते त्याने सोपी, पण चव जाते, आणि गव्हाच्या आधाराने शिकलेला हात ज्वारी ओळखत नाही. आधार हवाच असेल तर खानदेशाकडून घ्या. तिकडे कळण्याची भाकरी करतात, ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेली. घरी चारास एक असं प्रमाण धरलं तरी चालतं. उडदाच्या चिकटपणामुळे ती थापायला कितीतरी सोपी जाते आणि लसणाच्या ठेच्याबरोबर साध्या भाकरीपेक्षा चांगली लागते, असं माझं मत. सोलापूरच्या माणसांना ते पटणार नाही.

बाजरी आणि नाचणीकडे इतक्यात जाऊ नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने तिचं पीठ उन्हाळ्यात आठवडाभरातच कडू पडू लागतं. नाचणीला विरी कमी, तिला उकडच बरी.

तुटलेल्या भाकऱ्यांचं काय करायचं याचा निर्णय आधीच करून ठेवा, म्हणजे तुटली की जीव हळहळत नाही. ताजी तुटलेली दुधात किंवा आमटीत कुस्करायची. शिळी असेल तर कांदा, मिरची, शेंगदाणे घालून फोडणीला द्यायची. फार पातळ झाली, फुगलीच नाही, तर मंद तव्यावर कडक होईपर्यंत शेकायची. सोलापूरची कडक भाकरी लोक विकत घेऊन महिनाभर खातात. शिकायला संध्याकाळची जेवणाची वेळ निवडू नका. भूक लागलेली माणसं ताट घेऊन बसलीत आणि तुम्ही पहिल्या भाकरीशी झगडताय, यातून धास्तीच वाढते. रविवारी दुपारचं जेवण झाल्यावर, घरात कोणी वाट बघत नसताना, वाटीभर पीठ घेऊन बसा. पहिल्या दिवशी फक्त मळा आणि अंगठ्याची परीक्षा करा. चानक्या पुढच्या वेळी, त्याच दळणाच्या, पण नव्याने मळलेल्या पिठाच्या.

इंडक्शन असेल तर आचेवर धरता येणार नाही. तव्यावरच तिसऱ्यांदा उलटून जाड फडक्याने कडेकडेने दाबत फिरवा, फुगते. परदेशात राहणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, की भारतीय दुकानातलं पीठ बोटीने येऊन फडताळात पडलेलं असतं. आणल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका आणि नेहमी उकळतंच पाणी वापरा.

झालेली भाकरी लगेच डब्यात कोंडू नका, घाम सुटून ती चिकट होते. टोपलीत सुती फडक्यावर उभी टेकवून ठेवा, वाफ गेली की झाका.

आई येतील तेव्हाच्या बेताबद्दल एक सांगते. पिठलं-भाकरी ठरवू नका. पिठलं आयत्या वेळी घोटायचं आणि भाकरीही आयत्या वेळी थापायची, यात नवशिक्याची तारांबळ उडते. शेंगदाण्याची चटणी आदल्या दिवशी कुटून ठेवा, आमटी सकाळीच करून ठेवा, ती मुरलेली चांगलीच लागते. दळण आदल्या दिवशी आणा. मग जेवायच्या वेळी तुमच्याकडे परात, तवा आणि आधणाचं पाणी एवढंच राहतं.